मध्यंतरातला बुक्का

१२ जानेवारी १९९४ रोजी मिशनच्या कमिटीने विमला भिंगारदिवे यांना एक हजार एकशे पंचाहत्तर रुपये मंजूर केले. कारण: चामराजपेटेतील मराठी कुटुंबांसाठी कीर्तन.

विमलाबाई मूळच्या नगरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे बंगळुरास आल्या आणि तो वारल्यावर मिशनमध्ये सुवार्तिक म्हणून लागल्या. काही वर्षे त्यांनी चामराजपेटेत येशूच्या शिकवणीची छापील पत्रके वाटली. तिथली मराठी घरे कित्येक पिढ्यांपासून इथली. बोलण्यात अर्धे कानडी. माणसे पत्रके हसून घेत आणि त्यांच्या पुड्या करून फुटाणे बांधत. मग विमलाबाईंना आपले आजोबा आठवले. ते गावच्या चर्चमध्ये झांजा घेऊन येशूचे कीर्तन करीत.

पुण्याहून नुकतेच बदलून आलेले पाळक अजित सोनवणे तयार झाले, पण अट घालूनच. कीर्तनात पूजेतले काही नको. दिवा नको, कुंकू नको, आरती नको. अट मोडली तर कीर्तन बंद.

जागा दिली मल्हाररावांनी. शिंपीकाम करणारे, घरात विठ्ठलाची भक्ती. ओटा, माजघर माणसांनी भरले. अजितराव दाराशी बसले. विमलाबाईंनी उधळ्या मुलाची गोष्ट लावली. मुलगा बापाकडे आपला वाटा मागतो, इथवर आल्या तोच मल्हारराव म्हणाले, "अय्यो! बाप जिवंत असताना वाटणी?"

"तुम्ही स्वल्प गप्प बसा," त्यांची बायको राजलक्ष्मी म्हणाली. "तुमच्या भावानं काय वेगळं केलं?"

सगळे घर हसले. विमलाबाईंना हुरूप आला. मुलगा परमुलखात कफल्लक होऊन डुकरे राखू लागला, तेव्हा त्या सवयीने थांबल्या. आजोबाही इथेच थांबत. मग मंडळी गाणे म्हणत आणि दानाची पिशवी फिरे. पण या घरात कीर्तनकार मध्ये थांबला की त्याचा अर्थ ठरलेला होता: त्याला हार घालायचा, बुक्का लावायचा. राजलक्ष्मी उठली. एका हातात हार, दुसऱ्या हातात बुक्क्याची वाटी.

हे आपल्याला आधी कसे सुचले नाही, विमलाबाईंना वाटले. बुक्का लावून घेतला तर कीर्तन बंद. नको म्हटले तर या पेटेत पुन्हा कोणी दारात उभे करणार नाही.

"अक्का, मान खाली करा ना," राजलक्ष्मी म्हणाली. "उंच आहात तुम्ही."

विमलाबाईंनी मान खाली केली.

गोष्ट पुढे चालली. बाप धावत गेला, मुलाला पोटाशी धरले, जेवणावळ घातली. थोरला भाऊ रुसून बाहेर राहिला. कीर्तन संपल्यावर रस्त्यावर येताच अजितराव म्हणाले, "ताई, नाही म्हणता आलं असतं."

"त्या मला मान देत होत्या."

"नुसता मान नाही. त्यांच्या देवाला वाहिलेला बुक्का आहे तो."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण तिथं मी कपाळ मागं घेतलं असतं, तर पुढं बाप पोराला जवळ घेतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

अजितराव वाईट माणूस नव्हते. कमिटीपुढे त्यांनी विमलाबाईंची बाजू मांडली आणि त्यांच्या घरी येऊन म्हणाले, "चूक झाली, एवढं लिहून द्या. मी सांभाळून घेतो."

विमलाबाईंनी लिहिले की मध्ये थांबणे ही आपली चूक. बुक्क्याबद्दल काही लिहिले नाही. कमिटीने कीर्तन बंद केले आणि त्यांना मिशनच्या पुस्तकांच्या दुकानात बसवले. पगार तोच राहिला.

मार्चमध्ये मल्हारराव दुकानात आले. "बनशंकरीत माझी बहीण आहे. तिला तो थोरला भाऊ ऐकायचाय. तो शेवटी आत आला का नाही, यावरनं घरात भांडण लागलंय."

"ते पुस्तकात दिलेलं नाही, अण्णा."

"मग तर याच. आमचे लोक ठरवतील."

"कमिटीचा पैसा नाही आता. आणि त्यांना कळलं तर ही नोकरीही राहायची नाही."

"सरी, असू दे. वाजवायची पेटी माझ्या मेव्हण्याची घ्या. येता का नाही, तेवढं सांगा."

रविवारी उपासना आटोपून विमलाबाई पेटी घेऊन पेटेतल्या ओळखीच्या खंडोजीच्या रिक्षात बसल्या. बनशंकरीला उतरताना सुटे पैसे कमी पडले. खंडोजीचे एकोणीस रुपये अजून द्यायचे आहेत.