मामांच्या रक्तातली जाळी

"मामा गेलं गं..." मामीचा फोन आला तेव्हा माझ्या दवाखान्यात रक्त फिरवायचं मशीन चालू होतं. कुणाचं तरी रक्त आत होतं, ते मध्येच थांबवता येत नाही. फोन कानाला लावून मी तशीच उभी राहिले. त्याला आता महिना होईल.

मामा मंगळवेढ्याचे. जन्मभर एसटी चालवली. साखर आणि बिडी या दोघी जुन्या सोबतिणी. हिरड्या सुजल्या, खालचे दात हलायला लागले, तेव्हा सोलापुरात माझ्याकडे आले, कारण भाची हिरड्यांची डॉक्टर. "कवळी नको, पोरी. कडक भाकरी माज्या दातानं मोडायची हाय," एवढंच त्यांचं मागणं.

मी त्यांचं रक्त काढून फिरवलं. नळीत तांबड्यावर पिवळसर, मऊ गोळा तरंगला. जखम भरून आणणारी द्रव्यं धरून ठेवणारी ती जाळी. तीच हिरडीखाली ठेवायची. मामांनी नळी खिडकीकडे धरली. "ह्ये माज्याच आंगातलं व्हय?" देवळात बोलावं तसा त्यांचा आवाज खाली आला होता.

हिरडी उघडून जाळी ठेवली, टाके घातले, पण जखम भरेचना. मग तीन महिन्यांची साखर कळते ती तपासणी केली आणि मामांचं बिंग फुटलं. "पासिंगला गाडी धुवून न्यावी की नाय? तसं तपासनीआदी दोन दिस ग्वाड सोडत हुतो." मला राग आला, हसूही आलं. साखर आणि बिडी त्या जाळीचं नेमकं किती बिघडवतात यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. पण अशा माणसाची जखम रेंगाळते, हे मी रोज बघते. तेच त्यांना सांगितलं. "येवढं चांगलं आत हुतं... आन मी त्येच्यात धूर सोडत बसलो."

बिडी सुटली ती कायमची. साखरही ताब्यात आली, तेव्हा पुन्हा रक्त घेतलं. मशीन सुरू करण्याआधी मामांनी त्याला हात लावून कपाळाला नेला.

"मामा, ते स्टेअरिंग नाही!"

"नसंल. पन आत मानूस हाय की."

या खेपेला हिरडी भरली, दात बऱ्यापैकी घट्ट झाले. चमत्कारच म्हणायचा, इतकी वर्षं हेच काम करूनही मला तसंच वाटलं.

त्या दिवशी फोनवर मामी रडत सांगत होती, "दुपारी कडक भाकरी खाल्ली गं, सोताच्या दातानं मोडून... आन जरा पडतो म्हनलं, ते उटलंच न्हाईत." माझा हात मशीनच्या झाकणावर होता. ते थांबेपर्यंत मी तो काढला नाही.