शारजातली पहिली बैठक

प्रिय ईशान आणि तारा,

ईशान, परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, प्रायमरी पक्षवाल्यांची असते. मी खरं मत नोव्हेंबरमध्ये देईन." तेव्हा मी वाद घातला नाही. पण तुमची अमेरिकेतली प्रायमरी (मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) जवळ आली आहे आणि तुझं हे पहिलंच मतदान. म्हणून माझी शारजाची हकिकत आत्ताच लिहिते. ताराला आवडणारं खाणंपिणंही तिच्यात आहे.

माझी भाची मंजिरी मला घ्यायला दुबईच्या विमानतळावर आली होती. शारजाच्या रस्त्यावर गाड्या हलेनात. घराजवळ पोचल्यावर तिनं एका टपरीसमोर हॉर्न वाजवला आणि करक (दाट दुधाचा, वेलदोडा घातलेला चहा) गाडीतच मागवला. उतरायचे कष्ट नाहीत. मला हे राज्य आवडलं.

शुक्रवारी दुपारी तिच्या घरी बैठक होती. तिथल्या मराठी मंडळात दोन गट आहेत, दुबई मरीनाचा आणि शारजाचा. अध्यक्ष निवडायचा तर आधी प्रत्येक गट आपलं एक नाव ठरवतो, मग त्या दोन नावांवर सगळे सभासद मत देतात. शारजाकडून यंदा दोघे इच्छुक होते. एक वसईचे अँथनी अंकल. हमरिया फ्री झोनमधल्या (कारखान्यांच्या वसाहतीतल्या) कोकणी कामगारांना दरवर्षी डबलबारीला (दोन भजनी बुवांचा सामना) आणणारी बस त्यांनीच सुरू केली होती. दुसरे सावंत. त्यांचं म्हणणं एकच, कार्यक्रम कुटुंबांचा असावा, बस बंद करावी.

बैठक गटातल्या सगळ्यांसाठी खुली होती. आलेली माणसं मात्र सोफा आणि जेवणाच्या खुर्च्यांवर मावली. बस नको असलेले सगळे झाडून हजर होते. अँथनी अंकल हॉटेलात ड्युटीवर होते. मंजिरी त्यांच्याच बाजूची, पण ती कोथिंबीर वड्या तळत होती.

"मंजिरी, बाहेर हात वर करतायत बघ," मी म्हटलं.

"तेल तापलंय गं मावशी. आणि अंकलना कोण नाही म्हणणार?"

ती वड्या घेऊन बाहेर गेली, तोवर कुणीतरी हसत म्हणालं, "खलास, ताई! सावंत ठरले. वड्या आणा."

शनिवारी अँथनी अंकलनी आम्हाला अल ऐनला नेलं. खजुरांच्या दाट सावलीतून फलज (शेताला पाणी नेणारा पाट) वाहतो. त्यात माझी चप्पल पडली आणि तरंगत निघाली. अंकल पँट दुमडून तिच्यामागे धावले.

"हरल्याचं वाईट वाटलं का हो?" मी विचारलं.

"मावशी, हरायला तरी तिथं असायला हवं होतं मी," चप्पल झटकत ते म्हणाले.

रविवारी मुख्य मतदान. हमरियाचे कामगारही शारजा गटाचेच सभासद; त्यांची बस भरून आली. मरीनाच्या गटानंही अशाच छोट्या बैठकीत आपलं नाव ठरवलं होतं, एका बाईंचं. त्या बाईंना कार्यक्रम हॉटेलात, तिकीट लावून हवा होता. त्या बसमधून आलेला कणकवलीचा सदानंद पखवाज वाजवतो. फळ्यावरची दोन नावं पाहून तो म्हणाला, "आजी, मेनूत भाज्या दोनच, आणि दोन्ही कारल्याच्या!"

"मग शुक्रवारी का नाही आलात?"

"नाइट शिफ्टवाले मोकळे होते ओ. पण म्हटलं, तिथं काय, चहा आणि गप्पा. मत आज द्यायचं."

सावंत निवडून आले. सभागृहातल्या बहुतेकांना बस हवी होती, म्हणून मंजिरीनं सावंतांना ती चालू ठेवायची विनंती केली. माणूस वाईट नाही, शांतपणे म्हणाला, "ताई, शुक्रवारी माझ्यासाठी हात कुणी वर केले? बस नको म्हणणाऱ्यांनी. त्यांना आता काय तोंड दाखवू? पुढच्या वेळी पहिल्याच बैठकीत पाडतील मला."

परतीच्या विमानात मला ते वाक्य आठवत राहिलं. ईशान, तुमच्या भागात एकच पक्ष नेहमी जिंकतो, असं तूच सांगितलंस. म्हणजे खरी निवड होते तो तुमचा शुक्रवार प्रायमरीतच असतो. तिथं थोडे लोक जातात आणि निवडून आलेला माणूस पुढची सगळी वर्षं त्या थोड्यांकडे बघून वागतो. मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. पण जा.

ऐकायला बसमधली माणसं नाहीत, म्हणून यंदा मंडळाची डबलबारी झाली नाही. हमरियाची माणसं आपल्या खोलीतच भजनाला बसली, आणि अँथनी अंकल मंजिरीला घेऊन तिकडे गेले. बस बंद झाली. भजन चालू आहे. आणि शारजातली पहिली बैठक अजून सगळ्यांसाठी खुली आहे.

तुमची,
आजी