मागच्या जिन्याचं दार

भूतखेत, भानामती यावर माझा कधीच विश्वास नव्हता... आमच्या घरी बुद्धवंदना होते, नवस-उतारे नाहीत. पण दोन वर्षांनी हे लिहायला बसलो तरी तळहाताला घाम सुटतोय, एवढं खरं.

मी चंद्रपूरला राहतो. इमारतींमधली आग विझवायची सिलिंडरं, अलार्म यांची देखभाल करतो. मोठी तपासणी वर्षातून एकदा. मधल्या काळात सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन गंजली नाही ना, हे दर महिन्याला आम्ही बघायचं. गडचिरोलीतलं नर्सिंगच्या मुलींचं एक दुमजली हॉस्टेल माझ्याकडे होतं. तिथल्या वॉर्डन वनिताबाई मागच्या लोखंडी जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप घालायच्या. मी दरवेळी सांगायचो, हे दार बंद ठेवू नका.

"माकडं घुसतात भाऊ, पोरींचे डबे नेतात," हे त्यांचं उत्तर.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजले असतील. मी आणि वनिताबाई बाहेरून तो जिना चढून वर पोचलो, आणि आतून दारावर थापा पडायला लागल्या. हळू नाही — दोन्ही हातांनी, खूप जणींनी मिळून. मध्येच खोकला... घुसमटल्यासारखा.

"पोरी आज कॉलेजात गेल्या नाई काय?" मी विचारलं.

"सगळ्या गेल्या." वनिताबाई म्हणाल्या. "समोरचं दार मीच लावून आली."

मी कडीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. सावलीतली कडी, पण तव्यासारखी तापलेली. वनिताबाईंच्या हातून किल्ली दोनदा पडली. शेवटी मीच हाताला रुमाल गुंडाळून कुलूप काढलं आणि दार ओढलं.

थापा थांबल्या. आत रिकामा पॅसेज. धूर नाही, वास नाही. सिलिंडर जागेवर, दोरीवर एक ओला टॉवेल. दाराला आतून हात लावून पाहिला — थंडगार.

खाली आल्यावर वनिताबाईंनी कुलूप माझ्या हातात ठेवलं. "हे तुम्हीच घेऊन जा भाऊ. मले नाई पाहिजे."

पंधरा दिवसांनी, पहाटे, समोरच्या जिन्याखालच्या मीटरबोर्डाला आग लागली. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली मागच्या दाराने उतरल्या. एकीला खरचटलंसुद्धा नाही.

लोक म्हणतात, इशारा मिळाला. मलाही तसंच मानायचं आहे. पण त्या पहाटे दारावर कोणी थापा मारल्याच नाहीत... दार उघडंच होतं. मग त्या दुपारी आत कोण होतं? वनिताबाईंनी जुन्या लोकांना विचारलं. तिथे आधी धानाची बांधी होती, नुसतं भाताचं शेत, आग लागल्याचं कोणालाच आठवत नाही. मीही वायरिंगपासून पत्र्यापर्यंत सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

अजून दर महिन्याला जातो. ते दार तपासायची वेळ आली की वनिताबाईंना हाक मारतो. त्या हातातलं काम टाकून येतात आणि बाजूला उभ्या राहतात.