छोट्या बाळूचं चौथं वाक्य

भगीरथ सेटवर जाताना चपला दाराबाहेर काढायचा. आत गेल्यावर प्रॉडक्शनचे काळे बूट घालायचा.

बाटली ओठांना लावायचा नाही. तरी दुसऱ्याला देताना तोंड पुसून द्यायचा.

काळा शर्ट अंगावर असला की बसायचा नाही, चुरगळेल म्हणून. दहा-दहा तास उभा राहायचा.

वाक्य म्हणण्याआधी बारीकसं ‘हां’ म्हणायचा. साउंडवाला ते ‘हां’ रोज कापायचा.

घरी फोन लावला की आधी गाय कशी आहे विचारायचा, मग पोरं, मग आई. बायकोचं काही विचारायचा नाही. फोन तिच्याच हातात असायचा.

जीपमध्ये खिडकी मागायचा नाही. मधे बसायचा आणि दोन्ही बाजूंची माणसं त्याच्या खांद्यांवर झोपायची.

स्वतःला झोप आली की उभ्या उभ्या झोपायचा. हे नाटक नव्हतं. पुढे त्याचं नाटक झालं.

पंकजला या सवयी पाठ होत्या. शूटिंगच्या दिवसांत भगीरथ आटगावला त्याच्याच घरी राहायचा. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावाहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, कल्याणहून ठाणे, हे रोज जमण्यासारखं नव्हतं. पंकज पंचवीस वर्षांचा, भगीरथ चौतीसचा. पंकज त्याला दादा म्हणायचा. भगीरथ त्याला पंक्या म्हणायचा, आणि चारचौघांत ‘आमचे मास्तर’. पंकज मास्तर नव्हता. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाला होता आणि दोन वर्षं घरी होता.

त्यांची ओळख भांडणातून झाली. एका विनोदी मालिकेसाठी माणसं निवडत होते. पंकज तिथे कॉलेजकुमाराच्या कामासाठी गेला होता. भगीरथ ठाण्याच्या त्या स्टुडिओच्या फाटकावर सिक्युरिटीला होता, खरोखरचा. त्याच्या हातातल्या यादीत पंकजचं नाव नव्हतं. पंकज म्हणाला, आडनावात बघा. भगीरथ म्हणाला, आडनावात पण नाय. पंकज म्हणाला, मी आटगावहून आलोय हो.

“मी मुरबाडच्या पल्याडून आलोय,” भगीरथ म्हणाला. “मंग काय मला हिरो करतील?”

पाव तास हे चाललं. भगीरथनं त्याला आत सोडलं नाही, पण मधेच स्वतःची बाटली दिली, तोंड पुसून. वर गॅलरीत दिग्दर्शक चहा पीत उभा होता. त्यानं दोघांनाही वर बोलावलं.

मालिकेचं नाव ‘आत जागा नाही’. एक नाइटक्लब, त्याचा मालक, मालकाची सासू, असा सगळा गोंधळ. दाराबाहेर दोन बाउन्सर, दोघांचंही नाव बाळू. काडीपैलवान पंकज तो मोठा बाळू, कारण तो कामाला एक दिवस आधी लागला होता. दाराएवढा भगीरथ तो छोटा बाळू. मोठा बाळू धमक्या द्यायचा आणि पळायचा. छोटा बाळू एखादंच वाक्य बोलायचा आणि उभ्या उभ्या झोपायचा. मग मोठा बाळू त्याच्या कानाशी म्हणायचा, “बाळू, मालक आले.” छोटा बाळू दचकून जागा व्हायचा आणि भिंतीला सलाम ठोकायचा. लोक रोज हसायचे. तीन मिनिटांचं काम होतं, पण मुरबाडच्या एसटी स्टँडवर लोक भगीरथला थांबवून भिंतीला सलाम करायला लावायचे. तो करायचा.

त्या दाराच्या मागे काही नव्हतं. दार प्लायवूडचं. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड आणि लाइटवाल्यांचे डबे. भगीरथची आई हिराबाई, तिला क्लब म्हणजे काय ते काही उमजलेलं नव्हतं. आत काय चालतं, असं ती विचारायची.

“आत लय गर्दी हाय आये,” भगीरथ सांगायचा. “जागा आसती तर मला भायेर कशाला उभा केला आसता?”

तिला ते पटायचं.

दिवाळी होऊन गेली. भात कापून झालं होतं, झोडायचं बाकी होतं. भगीरथनं चार दिवसांची सुट्टी मागून घेतली. सुट्टीआधीचं शेवटचं शूटिंग मंगळवारी झालं. सीन असा, की लग्नाच्या हॉलचा पत्ता चुकून अख्खी वरात क्लबच्या दारात येते. छोट्या बाळूला तीन वाक्यं लिहून दिली होती. “नाव सांगा.” “यादीत नाय.” “नवरा एकटा आत जाईल.” पलीकडे दुसऱ्या मालिकेचा सेट उभा राहत होता, सुतारांची ठोकाठोक चालली होती. दिग्दर्शक म्हणाला, चालू द्या, आवाज नंतर डब करू.

तिन्ही वाक्यं झाली. आणि मग भगीरथनं, कधी नव्हे ते, मनानं एक चौथं वाक्य म्हटलं. पंकज त्याच्याकडे पाठ करून वरातीला दमात घेत होता. मागे काहीतरी बोलल्याचं त्याला कळलं, पण नेमकं त्याच वेळी हातोडे पडत होते. अख्खं युनिट हसलं. दिग्दर्शक म्हणाला, हे ठेवायचं. डबिंग सोमवारी, अकरा वाजता.

बुधवारी दोघं कल्याणहून जीपनं निघाले. झोडणीला हातभार म्हणून पंकजही चालला होता. वाटेत त्यानं विचारलं, दादा, काल काय म्हणालास?

“आत्ता सांगून काय करू? सोमवारी म्हनेन, तवा ऐक.”

“सांग ना.”

“तुला सांगितला का तू त्यात पुस्तकातले शब्द घालशील.”

पलीकडच्या खिडकीतला म्हातारा तोवर भगीरथच्या खांद्यावर झोपला होता. भगीरथ खांदा न हलवता हसला.

गुरुवारी सकाळपासून खळ्यावर झोडणी चालू होती. भगीरथ भारा उचलायचा, लाकडी फळीवर आपटायचा, पेंढा मागे टाकायचा. त्याची बायको योगिनी दोन शेजारणींबरोबर सुपानं भात वाऱ्यावर देत होती. हिराबाई पेज आणायला घरी गेली होती. अकराच्या सुमारास भगीरथ पेंढ्याला टेकून बसला. हनुवटी छातीवर आली.

शेजारणींतली एक म्हणाली, छोटा बाळू झोपला गो. सगळ्या हसल्या. पंकजही हसला. हातातला भारा खाली ठेवून तो भगीरथच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, आणि मालिकेतल्या आवाजात म्हणाला, “बाळू, मालक आले.”

भगीरथ उठला नाही. बायका आणखी हसल्या. त्याला ताणायला आवडतं, हे पंकजला ठाऊक होतं. सेटवरही तो कधी कधी मुद्दाम उशिरा उठायचा. पंकजनं पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं, कमरेवर हात ठेवून.

योगिनीनं सूप खाली ठेवलं. ती हसत नव्हती. जवळ येऊन तिनं भगीरथचा हात उचलला आणि सोडला. हात पडला.

जीप मिळाली. पंकजनं त्याला मधल्या सीटवर बसतं धरलं. मान पंकजच्या खांद्यावर होती, जड होती. मुरबाडला डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की येण्याआधीच गेले. अर्धा-पाऊण तास झाला असावा. जीपचा वेळ किती, जीप शोधण्याचा किती, हे पंकज मनात मांडत राहिला. हसण्याचा किती, ते त्याला मांडता येईना.

त्या दिवशी तो रडला नाही. नंतरही नाही. लोक आले, बसले, गेले. कुणी म्हणालं, एवढा धडधाकट गडी. कुणी हळूच विचारलं, टीव्हीवाले आले नाहीत का? पंकजनं लाकडं आणली, पाणी आणलं, सांगतील ते केलं. चहाला साखर आहे की नाही, ते त्याला कळत नव्हतं.

सुतकात टीव्ही बंद होता. त्यावर टॉवेल टाकला होता. पाचव्या दिवशी हिराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पंकजला जवळ बोलावलं. पेज घेऊन ती खळ्यावर पोचली तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. सकाळी घाईत निघाली तेव्हा भगीरथशी बोलणंही झालं नव्हतं. तिला एवढंच विचारायचं होतं, की मालिकेत तो अजून आहे का. पंकज म्हणाला, एक भाग राहिलाय. पुढच्या शुक्रवारी लागेल.

“त्यात बोलतो ना तो?”

“बोलतो.”

“मंग ऐकीन,” हिराबाई म्हणाली. “तवर टॉवेल ऱ्हाऊ दे.”

दुपारी प्रज्वलचा फोन आला. प्रज्वल दिग्दर्शकाचा सहायक, पंकजच्याच वयाचा. तीन वेळा वाईट वाटल्याचं बोलला. मग म्हणाला, डबिंग राहिलंय. तू त्याचा आवाज काढायचास, आम्ही फसायचो. पंकज म्हणाला, मला नाही जमणार. प्रज्वल म्हणाला, मग व्हॉइस आर्टिस्ट बोलवावा लागेल, गावठी बोलणारा. पंकजला तो ‘गावठी’ शब्द तेवढा ऐकू आला. वेळ कोणती, असं त्यानं विचारलं.

तीच होती, फक्त आठवडाभर पुढची. सोमवार, अकरा.

डबिंगच्या खोलीत माइक होता, समोर पडदा होता. हेडफोनमधून आधी मूळ आवाज ऐकवतात, मग त्यावर आपला भरायचा. पहिलं वाक्य लागलं. ठोकाठोकीच्या खाली भगीरथचा आवाज होता. आधी ‘हां’. मग “नाव सांगा.” पंकजनं तो चार वेळा ऐकला. मग म्हटलं. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला. “यादीत नाय.” झालं. “नवरा एकटा आत जाईल.” झालं. सेम टु सेम, रेकॉर्डिस्ट म्हणाला. पंकजनं तिन्ही वेळा ‘हां’ म्हटलं होतं. कापू का, असं रेकॉर्डिस्टनं विचारलं. पंकज म्हणाला, राहू द्या.

मग चौथं. पडद्यावर भगीरथचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, खालचे दात दिसले, मिटलं. चार शब्द असतील, पाच असतील. हातोडे नेमके त्याच्यावर होते. सावकाश लावून पाहिलं. अकरा वेळा ऐकलं. ‘हां’ कळलं. पुढचं नाही.

प्रज्वलनं दिग्दर्शकाला फोन लावला. दिग्दर्शकाला आपण हसल्याचं आठवत होतं, कशाला हसलो ते नाही. मेकअपवाला म्हणाला, घोड्याबद्दल काहीतरी होतं. लाइटवाला म्हणाला, छे, जेवणाचं होतं.

“तू साहित्याचा माणूस,” प्रज्वल म्हणाला. “ओठांना बसेल असं काहीतरी लिही ना.”

पंकजनं पेन्सिल घेतली. सात वाक्यं लिहिली. पाच ओठांना बरोबर बसत होती. दोन खरोखर हसवणारी होती. त्यातलं एक त्यानं माइकसमोर हळू म्हणून पाहिलं. ते इतकं चपखल बसलं, की भगीरथच बोलला असं वाटलं. हिराबाई हे ऐकेल, हे त्याच्या मनात आलं. ती हेच धरून बसेल. आल्यागेल्याला सांगेल, माझा लेक शेवटी हे बोलला.

त्यानं कागद घडी घालून खिशात टाकला. म्हणाला, हे तो बोललेला नाही.

“मग काय ठेवू?”

“काही नको ठेवूस.”

प्रज्वल म्हणाला, वरातीचं संगीत चढवतो.

शुक्रवारी संध्याकाळी पंकज सिद्धगडाखाली होता. तेरावं मंगळवारी झालं होतं. येताना जीपमध्ये त्यानं हिराबाईला काय सांगायचं ते नीट जुळवलं होतं. घरात गेल्यावर सांगितलं नाही. योगिनीनं टीव्हीवरचा टॉवेल काढून घडी केली. ती चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. हिराबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात.

वरात आली. मोठा बाळू धमक्या देऊ लागला. छोटा बाळू म्हणाला, “नाव सांगा.” छोटा बाळू म्हणाला, “यादीत नाय.”

“ह्यो तू हायेस,” हिराबाई म्हणाली.

पंकज म्हणाला, “हो.”

तिनं मान वळवली नाही. रागावलीही नाही. तिसरं वाक्यही तिनं तसंच ऐकून घेतलं. मग भगीरथनं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. सनई आणि ढोल वाजत होते. हिराबाई पुढे झुकली. तिचा हात पडद्यापर्यंत गेला.

“आनी ह्यो?”

“हा दादाच.”

“काय म्हनला?”

खिशात तोच कागद होता. पाच वाक्यं बसणारी होती. पंकजनं योगिनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

“मला माहीत नाही, मावशी,” तो म्हणाला. “मला ऐकू आलं नाही, बाकी कुणाला आठवत नाही. सोमवारी सांगतो म्हणाला होता.”

“सोमवारी,” हिराबाई म्हणाली.

जाहिराती लागल्या. तिनं हात खाली घेतला. शुक्रवार होता. भात झोडून झालं होतं, ते गाववाल्यांनी मिळून उरकलं होतं. पेंढा रचून झाला होता. भगीरथनं हाती घेतलेलं बाकी सगळं कुणी ना कुणी पुरं केलं होतं. तेवढं एक वाक्य म्हणायचं राहिलं होतं.