मनमाडबाईंच्या आकृत्या

मनमाडबाई आकृती काढताना आकृतीकडे बघत नसत. मी वाढवून सांगतोय असं कुणाला वाटेल, पण सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो आहे, आणि त्यांची चूक कधी निघते यावरच डोळा ठेवून बसलो आहे. त्या ओळीमागून ओळ टाइप करत जायच्या. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम. मधेच चहाचा घोट, मधेच दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द. सगळं लिहून झालं की ओढणीला हात पुसून एक बटण दाबायच्या, आणि पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात चाळीस गोल आणि त्यांना जोडणाऱ्या दोनशे रेघा एकदम उभ्या राहायच्या. जिथल्या तिथे. एक तरी रेघ भलतीकडे जावी म्हणून मी त्या वेळी देव पाण्यात घालून बसलेलो असायचो.

आमचं दुकान नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत. पीएचडीचे प्रबंध टाइप करायचे, छापायचे, काळ्या पुठ्ठ्यात सोनेरी अक्षरांनी बांधून द्यायचे, हे आमचं काम. मी तिथला सगळ्यात जुना माणूस. आकृती म्हटलं की ती माझ्याच टेबलावर यायची. पंपाचा उभा छेद असो, विजेचं सर्किट असो, धरणाची भिंत असो, मी माउस धरून हुबेहूब काढून द्यायचो. 'काका, तुमच्या हातात जादू आहे', हे वाक्य मी वीस वर्षं ऐकत आलो होतो आणि ऐकून मला कधी कंटाळा आला नव्हता.

मग कॉम्प्युटरवाली पोरं एक नवीनच प्रकार घेऊन यायला लागली. यंत्राला शिकवायचं जाळं. गोलांची एक उभी रांग, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी. प्रत्येक गोल मागच्या गोलांकडून आकडे घेतो, त्यांचं काहीतरी करतो आणि पुढच्यांना देतो. म्हणून एका रांगेतल्या प्रत्येक गोलाला पुढच्या रांगेतल्या प्रत्येक गोलाशी बाणाने जोडायचं. माउसने असं एक जाळं काढायला मला सकाळपासून जेवणापर्यंतचा वेळ लागायचा. आणि जेवून आलो की पोरगा म्हणायचा, काका, सरांनी अजून एक रांग वाढवायला सांगितली आहे.

त्याच सुमारास मालकांनी या बाईंना आणलं. नवरा रेल्वेत, घर मनमाडला, रोज गाडीने येऊन-जाऊन. दुकानात आधीच एक सुनीता होती, म्हणून या झाल्या मनमाडबाई. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझं ते अर्धवट जाळं बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हे हाताने कशाला करताय? लय सोपं आहे. लिहून काढायचं." मी हसलो. चित्र लिहून काढायचं म्हणजे भाजी वाचून खाण्यासारखं झालं, असं काहीतरी मी बोललो. दहा मिनिटांनी माझं जाळं त्यांच्या पडद्यावर होतं आणि त्याला सरांची ती वाढीव रांगही लागलेली होती. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

लेटेक नावाची जी अक्षरजुळणीची पद्धत आहे, तिच्यातच आकृत्या काढायचं एक पॅकेज मिळतं. कुठला गोल कुठे आणि कुठली रेघ कुठून कुठे, हे त्याला आज्ञा लिहून सांगायचं, मग ते स्वतः मोजूनमापून काढतं. त्याचं माहितीपुस्तक चांगलं विटेएवढं जाड. बाईंनी ते आधीच्या नोकरीतल्या रद्दी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर छापून घेतलं होतं आणि रोज वीस-वीस पानं गाडीत वाचली होती. शेजारच्या बायका मटार सोलायच्या, या आज्ञा पाठ करायच्या. "मला सरळ रेघ ओढता येत नाही ना भाऊ, म्हणून तर शिकले," असं त्या मोकळेपणाने सांगायच्या. मला ते विनयाचं नाटक वाटायचं. पण एका दिवाळीला मालकांनी त्यांना दुकानासमोर रांगोळी काढायला सांगितली आणि खरंच, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, हा बेडूक आहे का? ते कमळ होतं. मी त्याचा फोटो काढून ठेवला. तो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे, आणि तो मी अधूनमधून बघतो हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्यांची एक सवय तर मला असह्य व्हायची. गोलाला नाव दिल्याशिवाय त्या तो काढायच्याच नाहीत. आणि नाव द्यायचं तर त्या गोलात काय चालतं ते त्यांना कळायला हवं. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला विचारायच्या, "यात काय येतं? याचं काय होतं? मग हा कुणाला देतो?" पुष्कळ पोरांना ते सांगता यायचं नाही, कारण त्यांनी आकृती कुठून तरी उचललेली असायची. अशा एका पोराला त्यांनी सरळ परत पाठवलं. "आधी तुमच्या सरांना विचारून या. मी याला काय म्हणून हाक मारू?" तो तोंड पाडून निघून गेला. गिऱ्हाईक घालवलंत बाई, असं मी मालकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. चौथ्या दिवशी तो पोरगा परत आला. तो गोल मुळात चुकीच्या जागी होता, सरांनी तपासून बदलून दिला होता, आणि येताना त्याने आपल्या दोन मित्रांनाही आणलं होतं. तिघंही त्यांच्या टेबलाशी बसले. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी होती.

मग ते रोजचंच झालं. माणूस दारात यायचा, मला बघायचा आणि विचारायचा, "मनमाडच्या बाई नाहीत का? मग उद्या येतो." वीस वर्षं ज्या खुर्चीसाठी लोक थांबून राहायचे त्या खुर्चीवर मी बसलेलो असायचो, आणि लोक उद्या यायला तयार होते. असूया म्हणतात ती हीच. तिला दुसरं सोज्वळ नाव देत मी बसणार नाही. बाई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. पण त्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी आठवणीने माझ्यासाठी डब्यात शेंगोळे आणायच्या, आणि ते चांगले असायचे, याचाही मला राग यायचा.

त्या रागात एकदा माझ्या हातून भयंकर गोष्ट घडली. इथल्याच एका कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्या प्रबंधात साठ आकृत्या, सगळ्या बाईंनी काढलेल्या. शेवटची प्रत छापायच्या दिवशी बाईंची गाडी कुठेतरी अडकून पडली होती. मॅडम म्हणाल्या, एवढ्या एकाच आकृतीतले बाण उलटे करायचे आहेत, कारण या आकृतीत यंत्राची चूक शेवटापासून मागे मागे जाताना दाखवली आहे. "तुम्हाला जमेल का, की बाईंसाठी थांबू?" हे त्यांनी साधेपणानेच विचारलं होतं. मी म्हटलं, त्यात काय मोठं.

बाईंची फाइल उघडली. आकृतीत शोधलं, पण बाण कुठे सांगितलाय ते सापडेना. मग एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ती ओळ सापडली. एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे कोनासारखं चिन्ह. मी चिन्ह फिरवून रेघेच्या मागे घातलं आणि बटण दाबलं. आकृतीतले सगळे बाण शहाण्यासारखे वळले. मॅडम खूश झाल्या. मी सबंध प्रबंध छापायला टाकला, पाच प्रती काढल्या आणि स्वतः बाइंडरकडे नेऊन दिल्या.

ती छोटी फाइल सगळ्या आकृत्यांना मिळून एक होती. साठच्या साठ आकृत्यांतले बाण उलटे झाले होते. मॅडमच्या प्रबंधातलं प्रत्येक जाळं आता उत्तरापासून निघून प्रश्नापर्यंत जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पाचही प्रती घेऊन दुकानात आल्या. विद्यापीठात प्रबंध द्यायची मुदत त्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यांना धड बोलताही येत नव्हतं. बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि ती छोटी फाइल उघडली. आता त्या माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी बघितलंच नाही. मॅडमना म्हणाल्या, "ही आमची चूक आहे. संध्याकाळी पाचही प्रती घेऊन जा." चिन्ह पुन्हा जागच्या जागी घालायला त्यांना जेमतेम एक मिनिट लागलं. बाकीचा दिवस छपाईत आणि बाइंडरच्या विनवण्या करण्यात गेला. मी कुणी न सांगता पानं लावत बसलो. त्यांची नेहमीची गाडी चुकली आणि त्या एसटीने मनमाडला गेल्या.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी तरी त्या मला फाडून खातील. मी तशी तयारी करून आलो होतो. दोन-तीन उलट उत्तरंही ठरवून ठेवली होती. त्यांनी आपल्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा भाऊ. एकाच आकृतीचा बाण फिरवायचा असेल तर तो त्या आकृतीतच सांगायचा. हे बघा, इथे." आणि पुढे म्हणाल्या, "परवा फोन केला असता तर मी गाडीतून सांगितलं असतं." विचारायचं नव्हतं म्हणूनच तर हे सगळं झालं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी बसलो. पुढचे चार महिने रोज दुपारी अर्धा तास बसलो. मालकांना त्यांनी त्या दिवसाबद्दल काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. मालक मला कधीच काही बोलले नाहीत.

मी शिकलो, पण त्यांच्यासारखा नाही. दोन ओळी लिहिल्या की बटण दाबून बघितल्याशिवाय मला अजून चैन पडत नाही. त्या हसायच्या. "भाताचं शीत सारखं दाबून बघताय भाऊ, शिजू द्या ना."

चार वर्षांपूर्वी त्यांना पाठ्यपुस्तकांच्या आकृत्या काढायचं काम मिळालं. घरी बसून, मनमाडलाच. जायच्या दिवशी त्यांनी पेढे वाटले आणि त्यांच्या सगळ्या फाइली मला देऊन गेल्या. वर्षभर लोक दारात येऊन त्यांनाच विचारत राहिले. मग हळूहळू मला विचारायला लागले. 'काका, तुमच्यासारखं जाळं दुसरं कुणी काढत नाही', असंही परवा एक जण म्हणाला. जे मला हवं होतं ते सगळं परत मिळालं आहे. फक्त ते ऐकायला शेजारच्या खुर्चीत आता कुणी नाही, त्यामुळे त्यात काही मजा येत नाही.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने तिच्या प्रबंधाला नमुना म्हणून एक नवं पुस्तक आणलं. पहिल्या पानावर बारीक अक्षरांत 'आकृत्या' असं लिहून पुढे बाईंचं नाव. मी ते पुस्तक तिच्याकडून ठेवून घेतलं आणि भिंग आणलं. शंभराच्या वर आकृत्या होत्या. रोज दहा-बारा बघायचो. आठव्या दिवशी चूक सापडली. सगळे बाण गोलाच्या काठाला टेकून थांबले होते, आणि एक, फक्त एक, काठ ओलांडून केसभर आत गेला होता. मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. आत गेला होता. त्या दिवशी मी सगळ्या दुकानाला स्वतःहून चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

पुढचा आठवडाभर मी तो आनंद एकट्याने खाल्ला. मग राहवेना, फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाई, तुमचं पुस्तक बघितलं. एका आकृतीत..."

"सातव्या धड्यात," त्या म्हणाल्या. "वरून तिसरा गोल."

मी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"छापून आल्यावर मला दिसलं. लेखकांना दिसलं नाही, प्रकाशकांना नाही, तपासणाऱ्या दोघांनाही नाही. मी वाट बघत होते, भाऊंचा फोन कधी येतो. पुस्तक कधी मिळालं?"

"कालच," मी म्हटलं.

त्या हसल्या. पुष्कळ वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "पुढचं पुस्तक छापायच्या आधी तुम्हाला पाठवू का? माझं काम तुमच्याइतकं टोचून कुणी बघत नाही. मी दुकानात होते तेव्हा तुम्ही बाजूला बसायचात ना, म्हणून माझी चूक व्हायची नाही. मला भीती वाटायची तुमची."

आज सकाळी पहिल्या धड्याच्या आकृत्या आल्या. अठरा आहेत. समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळली आहेत आणि मी भिंग घेऊन बसलो आहे. सोळा झाल्या. अजून एकही चूक सापडलेली नाही आणि माझा नुसता जळफळाट होतो आहे.