दुसऱ्याच्या वतीने दिलेली माफी

रत्नागिरीत आमची ख्रिस्ती मंडळी मूठभर, आणि त्या मूठभरांत माझी ख्याती प्रार्थनेसाठी आहे. चांगल्या नव्हे, लांब. पंचायत समितीच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली. निवृत्तीनंतर ती हातातून गेली, पण तोंडातून गेली नाही. माझ्या प्रार्थनेला विषय असतो, संदर्भ असतो आणि शेवटी 'तरी कृपा करून' असतं. शिवाय देवाला माहिती पुरवायची मला खोड. 'हे प्रभो, तुला ठाऊकच आहे की येत्या रविवारी उपासना साडेनऊऐवजी नऊला आहे, आणि येताना सर्वांनी आपापली ताटं आणायची आहेत.' देवाला ठाऊक असतं हो. मंडळीला नसतं.

यावर उघड हसणारा आमच्यात एकच माणूस होता. हातखंब्याला हायवेच्या कडेला त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. उपासना संपली की पायरीवर चपला शोधता शोधता म्हणायचा, "भाऊ, आज इंजिन तापलं हो तुमचं. मध्ये थांबून जरा पाणी घालायचं होतंत!"

त्या माणसाचा खून झाला.

शेजारच्या चहाच्या टपरीवर दोन गिऱ्हाइकांचं गाडी लावण्यावरून वाजलं. एकाने गाडीतून कोयता काढला. आमचा माणूस हातातला पाना खाली ठेवून, "अरे सोडा रे, एवढ्याशासाठी काय," म्हणत मध्ये पडला, आणि वार त्याच्यावर बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मारणारा पळालासुद्धा नाही. पोलीस येईपर्यंत तिथेच बाकड्यावर बसून होता म्हणे.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी जेवायला बसत होतो. लगेच मेणबत्तीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'आम्ही सर्व प्रार्थनेत आहोत.' सगळ्यांच्या आधी, माझंच. मग फोन उलटा ठेवला. वाईट वाटलं, हे खरं. पण हात बांगड्याच्या कालवणात गेला, हेही खरं.

बायको समोरून बघत होती. "केलीत?"

"काय?"

"प्रार्थना. आत्ता लिहिलंत ना?"

"करतोय मनातल्या मनात."

"मग काटा बघून करा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत उठली.

दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी भक्ती ठेवली होती. आमच्यात तशी रीत आहे. दुःखाच्या घरी जमायचं, गीत म्हणायचं, शास्त्र वाचायचं आणि कोणीतरी घरच्यांसाठी प्रार्थना करायची. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, वयाने लहान, माझ्या मुलाच्या बरोबरीचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, तुम्ही कराल का प्रार्थना? मला खरंच शब्द सुचत नाहीत."

एवढ्यावरून मी शहाणं व्हायला हवं होतं. पाळकाला शब्द सुचत नाहीत म्हणजे त्याला परिस्थिती कळली आहे. मला शब्दांची टंचाई कधीच नव्हती. मी तर घरून लिहून, आरशासमोर दोनदा म्हणून आलो होतो.

खोली माणसांनी भरलेली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, भिंतीकडच्या खुर्चीवर. मी डोळे मिटले. आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटतात. मी जरा जास्तच घट्ट मिटतो, पाठ केलेलं आठवावं लागतं ना! सुरुवात देवाच्या अगम्य योजनेपासून केली. मग, 'तुझ्या बागेतलं फूल तू खुडून नेलंस,' असं म्हटलं. आवाज छान लागला होता. आणि शेवटी, आरशासमोर ज्या ओळीला माझेच डोळे भरून आले होते ती ओळ म्हटली: 'हे प्रभो, या भगिनीने त्या मारेकऱ्याला अंतःकरणपूर्वक क्षमा केली आहे. तिच्या क्षमेचा स्वीकार कर.'

'आमेन' अगदीच बारीक आलं. डोळे उघडले तर वहिनींची खुर्ची रिकामी.

बायकोच्या कानाला लागलो. ती प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवते, हे मला लग्नापासून माहीत आहे. "कधी गेल्या?"

"तुम्ही फूल खुडलंत तेव्हा चुळबुळ केली. माफ केलंत तेव्हा उठली."

मागच्या दारी वहिनी धुण्याच्या दगडाशी बसल्या होत्या. बादलीत नवऱ्याचा दुकानात घालायचा दुसरा शर्ट. त्यावरचे ग्रीसचे डाग साबण लावून लावून घासत होत्या.

"वहिनी, माझं काही चुकलं का?"

त्यांनी मान वर केली नाही. "भावजी, माफ कोणी केलं?"

मी दाराची चौकट धरली.

"तुमी देवाला सांगितलंत, मी माफ केलं म्हणून. मला इचारलंत काय?"

"नाही, म्हणजे... आपल्याला शिकवण आहे ना वहिनी—"

"शिकवण मला नका सांगू. संडे स्कूलला पोरांना ती मीच शिकवते." शर्ट दगडावर आपटला. "पण मी केलेली नाय माफी. मनात आणूनसुद्धा बघितलं, नाय होत. आणि तुमी माझ्या नावावर देवाकडे खोटं सांगून मोकळे झालात."

मग हात थांबले. खूप हळू बोलल्या. "त्या दिवसापासनं मला प्रार्थना करता येत नाय, भावजी. गुडघे टेकते, बसते, उठते. एक शब्द नाय. नवरा गेला तो गेलाच. हेपण गेलं तर मी कोणाच्या आधाराने रहायचं?"

उभा राहिलो, साबणाचं पाणी चपलांखालून वाहत गेलं, आणि मी परत आत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीआधीच खुर्चीत बसलो. चूक केली तर दुरुस्ती करायची, हे कचेरीने शिकवलेलं. 'हे प्रभो,' मी म्हटलं, 'कालच्या प्रार्थनेतला शेवटचा मजकूर रद्द समजावा.' म्हटलं आणि माझं मलाच लाजिरवाणं वाटलं. पुढचं काही लिहून आणलेलं नव्हतं. डोळ्यांसमोर त्याचा तो खाली ठेवलेला पाना येत होता. आणि तोंडातून एकदम निघालं, 'तो मध्ये पडला. तू का नाही पडलास?'

घाबरलो. असं देवाला बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. उत्तर काही आलं नाही. पण पाठ न करता मी देवाशी बोललेलं ते बहुधा पहिलं वाक्य. आणि ते बोलताना मला खात्री होती की मी कोणाशी तरी बोलतोय. आरशाशी नाही.

न्याहारी झाल्यावर वहिनींकडे गेलो. दार उघडलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यातूनच सांगितलं, "वहिनी, मी ते रद्द करून घेतलं."

"काय?"

"माफीचं. देवाला सांगितलं, कालचा मजकूर रद्द."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पोच मिळाली काय ओ?" म्हणाल्या, आणि हसल्या. हसता हसताच रडायला लागल्या. मग मला आत घेतलं. मी पान्याचं सांगितलं, आणि देवाला काय विचारलं तेही.

"असं इचारलेलं चालतं?"

"माहीत नाही. वीज काही पडली नाही अजून."

"मग माझंपण इचारा."

"तुम्हीच विचारा. मी बसतो."

"येत नाय म्हटलं ना!"

"मग मला सांगा, मी लिहून घेतो. दुसऱ्याचे अर्ज लिहिण्यातच माझा जन्म गेला."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. थांबत, मध्येच चहा ठेवायला उठत. नवरा त्या दिवशी सकाळी भाकरी बरोबर घेऊन गेला होता. पोलिसांनी डबा परत दिला तो भरलेलाच. मी लिहिलं, 'अन्नाचे सेवन न होता'.

कागदावर वाकून त्या म्हणाल्या, "सेवन कोण करतं आमच्यात? डबा भरलेला आला, असं लिवा."

खोडलं. पुढे त्यांनी सांगितलं, 'तू बघत होतास तर तुला कसं बघवलं?' मी भीतभीत 'हे दयासागरा' जोडलं. तेही खोडायला लावलं. अर्ध्या पानाचा मजकूर झाला, त्यात माझं म्हणावं असं एक अक्षर उरलं नाही.

"शेवटी काय लिहू? त्या मारेकऱ्याचं?"

"स्मरणाच्या उपासनेत तुमी हे वाचा. त्याचं तेव्हा बघू, जागा कोरी सोडा," वहिनी म्हणाल्या.

महिन्याने चर्चमध्ये स्मरणाची उपासना झाली. प्रार्थनेला मी उभा राहिलो. कागद वाचायचा होता, त्यामुळे डोळे उघडे ठेवणं आलंच. डब्याच्या ओळीला मागे कोणीतरी हुंदका दिला. 'तुला कसं बघवलं' हे वाचताना पाळकांकडे चोरून पाहिलं. ते मान खाली घालून होते, अडवलं नाही. मग मजकूर संपला. खाली कोरी जागा. मी थांबलो.

पहिल्या बाकावरून, बसल्या जागेवरूनच, वहिनींचा आवाज आला. मोठा नव्हता. "आणि त्या माणसाला मी माफ केलेलं नाय. करायला हवं, म्हायत आहे मला. अजून जमत नाय. जमेपर्यंत तू थांब. जाऊ नकोस."

यावर आमेन म्हणायचं की नाही, कोणालाच कळेना. असल्या वाक्याला आमेन म्हणायची आम्हाला सवय नाही. मग पाळक म्हणाले, जरा घोगऱ्या आवाजात, आणि मागून बाक एकेक करत सगळी मंडळी म्हणाली.

मी वाट बघत होतो की वहिनी आता मान वर करतील. केली नाही. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मला दोन हातांवरूनही ऐकू आलं नाही. मी कागदाची घडी घातली आणि आवाज न करता खाली बसलो.