दुसरा डोळा

रोह्याहून फोन आला तेव्हा माझ्या हातात कुंचला होता. पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी मी करते. समोरच्या मूर्तीचा एक डोळा झाला होता, दुसरा कोरा. भाचा म्हणाला, "मामी, आई गेली..." मी फोन ठेवला आणि दुसरा डोळा पुरा केला. एका डोळ्याचा गणपती सोडून आमच्यात कुणी उठत नाही, हे खरं. पण हात जरासुद्धा थरथरला नाही, हेही खरं. इतके आठवडे झाले तरी त्याची लाज जात नाही. नणंद गेल्याचं ऐकून जिचा हात हलत नाही, ती कसली मेली बाई!

आणि नणंद तरी कोण, तर कुसुमवन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. रोह्यात त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. कंपनीत हातपाय दुखावून घेतलेली माणसं शिफ्ट संपली की तिथे येऊन बसायची. वन्संचा आवाज असा, की आतलं बोलणं रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही कळावं.

मागे एकदा काचेची बरणी फुटून माझा उजवा तळवा फाटला. ऑपरेशन करून शिरा जोडल्या. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्रण चोळत राहा, बोटं हलवत राहा. पण मी पडले मूर्तिकारांच्या घरातली! ओल्या मूर्तीला बोट लावायचं नाही, पुरती वाळू द्यायची, हे जन्मापासून अंगात मुरलेलं. तशीच मी हाताची जखम फडक्यात गुंडाळून वाळत ठेवली. व्रण आत चिकटला, बोटं आकडली, कुंचला धरता येईना. मग मी तो हात पदराखाली लपवायला लागले. हळदीकुंकवालासुद्धा डावा हात पुढे व्हायचा.

शेवटी नवऱ्यानं गाडीत बसवून रोह्याला नेलं. वन्संनी पदर बाजूला केला, मी जखम कशी वाळत ठेवली ते ऐकलं, आणि भरल्या दवाखान्यात ओरडल्या, "ऐका रे! माझ्या भावजयीचा हात शाडूचा हाय!" सगळे हसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण तोवर त्यांचा अंगठा कामाला लागला होता. खोबरेल तेलाचा थेंब, व्रणावर गोल, मग आडवा, मग कातडी उचलून. ज्या हाताकडे मला बघवत नव्हतं, तो त्या खुशाल मांडीवर घेऊन बसायच्या. मी कळवळून म्हणायचे, "वन्सं, पुरे." त्या म्हणायच्या, "पुरे नाय. कुंचला धरलास की मी मेले तरी हलायचा नाय, असा हात करून देते गो तुला." कितीतरी महिन्यांनी मी पुन्हा कुंचला धरला.

गेल्या वर्षी वन्संच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. भेटायला गेले तर भर उकाड्यात गळ्यापर्यंत शाल. जखम कधीच भरली होती, पण व्रण ताठला होता, खांदा मागे जात नव्हता. आणि या बाईनं त्याला तेलाचं बोट लावलं नव्हतं! मी शालीला हात घातला तशा त्या आक्रसल्या. "नको गो... लाज वाटते." जगाचे व्रण चोळणारी ही बाई आरशासमोरसुद्धा उभी राहत नव्हती.

मी चिडलेच. "माझा हात चव्हाट्यावर मांडलात तेव्हा?" म्हटलं, आणि दार लावून घेतलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांच्याच पद्धतीनं अंगठा फिरवला... गोल, आडवा. तोंड भिंतीकडेच ठेवून त्या म्हणाल्या, "बरा चालतोय की हात." तीच शेवटची भेट.

आजही कामाला बसण्याआधी मी तळव्याला तेल लावते, व्रणावरून अंगठा फिरवते. पहिला डोळा सहज होतो. दुसऱ्याला कुंचला टेकवताना फोनचा आवाज आठवतो. वाटतं, आता तरी हलावा हा मेला हात! हलत नाही. वन्संनी बोलल्याप्रमाणे करून दिलाय.